तावड्यांचा उजवा कान

तारीख १४ ऑगस्ट १९९७, गुरुवार, संध्याकाळचे साडेसात. रक्कम नऊ हजार सहाशे चाळीस दिरहम, म्हणजे त्या दिवशीच्या पावणेदहाच्या भावाने त्र्याण्णव हजार नऊशे नव्वद रुपये. जागा शारजात रोला नावाच्या वस्तीमागच्या आमच्या बिल्डिंगचा तळमजला, जिन्याखालची वॉचमनची खोली. हजर माणसं पाच: बिल्डिंगचे मालक अबू सालेम, वॉचमन गुल मोहम्मद, दोनशे चारमधले करंदीकर, मी, आणि कोणी न बोलावता जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर येऊन बसलेले शंकर तावडे.

रक्कम जुलै महिन्याच्या पाण्याच्या बिलाची होती. बिल्डिंग चार मजली, फ्लॅट बत्तीस. पाणी भाड्यात धरलेलं, म्हणून बिल मालक भरत. आदल्या वर्षीच्या जुलैचं बिल तीन हजार दोनशे होतं. त्या वर्षीही तशीच शाळांची सुट्टी, अकरा फ्लॅट कुलूपबंद, मंडळी मुंबईला, कोचीनला, खार्टूमला गेलेली. आणि बिल मात्र तिप्पट.

अबू सालेम साठीतले, सावकाश बोलणारे गृहस्थ. त्यांच्या वडिलांची लाँच खजूर घेऊन मुंबईला जायची, त्यामुळे ते आमच्याशी हिंदीत बोलत. त्यांचा संशय गुलवर होता. गुल सकाळी गाड्या धुवायचा, गाडीमागे महिन्याला पन्नास दिरहम घ्यायचा. तो टाकीतलं पाणी बाहेर विकतो असं त्यांना कोणीतरी सांगितलं होतं. त्यांनी त्याचा जुलैचा पगार, आठशे दिरहम, अडवून ठेवला होता. महिनाअखेरपर्यंत खुलासा झाला नाही तर व्हिसा खलास. गुल सात वर्षं त्या खोलीत राहत होता. पाकिस्तानात स्वातला त्याची बायको आणि चार मुलं त्या आठशेवर जगत होती.

यात माझाही हात होता, तो आधी सांगून टाकतो. मी हमरिया फ्री झोनमधल्या एका ट्रेडिंग कंपनीत अकाउंट्स बघायचो. अबू सालेमनी विनंती केली म्हणून चौदा महिन्यांच्या बिलांचा तक्ता मी तयार करून आणला होता. शेवटच्या रकान्यात जादा पाणी लाल शाईने लिहिलं होतं: दोन लाख पंधरा हजार गॅलन. तो आकडा पाहून मालकांची खात्रीच पटली. गुल दाराशी उभा होता. त्याला आकडे वाचता येत नव्हते, पण लाल रंग दिसत होता.

तेव्हा पायरीवरून आवाज आला. "सामंतसाहेब, हे दिवसाला किती पडतं?"

मी कॅल्क्युलेटर काढला. बिल तीस दिवसांच्या मापाचं होतं. सात हजार एकशे सदुसष्ट गॅलन.

"एक गाडी धुवायला किती लागतं?"

मी म्हटलं, बादलीने धुतली तर पाच.

"मग गाड्या किती झाल्या?"

मी भागाकार केला, मग पुन्हा एकदा केला. चौदाशे तेहेतीस.

"रोज," तावडे म्हणाले. "बरं, टँकर म्हणा. हजार गॅलनचे सात टँकर रोज आपल्या गल्लीत लागतात आणि एकाच्याही बाल्कनीतून दिसत नाहीत?" मग माझ्याकडे वळून, मुळीच न टोचता, ते म्हणाले, "बेरीज चोख केलीत तुम्ही. भागाकार राहिला."

मी पंचवीस वर्षं हिशेब लिहिले. माझ्या कामावर याहून योग्य शेरा कोणी मारलेला नाही.

तावड्यांनी अबू सालेमकडे आठ दिवस मागितले. पुढचा शुक्रवार संपेपर्यंत. मालकांनी गुलकडे पाहिलं, मग तावड्यांकडे, आणि म्हणाले, "इन्शाल्ला." त्या शब्दाचे किती अर्थ होतात ते आखातात राहिलेल्यांना सांगायला नको. पण आठ दिवस मिळाले.

तावडे आमच्याच बिल्डिंगमध्ये तळमजल्यावर, कंपनीच्या दोन मल्याळी सहकाऱ्यांबरोबर राहत. वय तेव्हा बावन्न. बुटके, काळेसावळे, केस बारीक कापलेले, शर्टाच्या खिशात नेहमी एक पेन्सिल आणि रबराचे चार वॉशर. मुंबईत ते पाणीखात्यात होते. जमिनीखालची गळती शोधणं हे त्यांचं काम. नोकरी सोडून इथे आले ते पाइपलाइनच्या एका कंत्राटदाराकडे, त्याच कामावर. पाच फुटांची लोखंडी सळई, वरच्या टोकाला लाकडाची वाटी. सळईचं टोक पाइपवर किंवा जमिनीवर टेकवायचं, वाटीला कान लावायचा आणि ऐकायचं. सळईला ते "काठी" म्हणत. ती त्यांच्या पिकअपमध्ये जुन्या चादरीत गुंडाळलेली असे.

काठीला लावायचा तो उजवा कान. त्याला ते "कामाचा कान" म्हणत आणि डाव्याला "घरचा कान". ही गंमत नव्हती, कडक शिस्त होती. झोपत उजव्या कुशीवर, कान उशीत बंद करून. घरून फोन आला की रिसीव्हर डाव्या कानाला. कोणाच्याही घरी गेले की बोलणारा माणूस डावीकडे येईल अशी खुर्ची निवडत. आमच्या मंडळाच्या गणपतीत आरतीला उजव्या कानात कापूस. झांजा वाजवणाऱ्या करंदीकरांचा त्यावर फार राग. ते म्हणत, "देवासमोर कान बंद करतो हा माणूस." तावडे म्हणत, "एक उघडा आहे की."

पाहुणा म्हणून त्यांना बोलावणं जरा अवघडच होतं. आमच्याकडे पहिल्यांदा आले तेव्हा हिने पाण्याचा ग्लास पुढे केला. "वहिनी, अर्धा द्या, लागला तर मागेन," ते म्हणाले. मग पाच मिनिटं गप्पा झाल्यावर मान वाकडी करून विचारलं, "तुमच्या संडासातली टाकी कधीपासून वाहते?" आम्हाला कोणालाच ते ठाऊक नव्हतं. त्यांनी स्वतः उठून, हात घालून, खिशातला वॉशर बसवून दिला. हिला फार ओशाळल्यासारखं झालं. पोहे निवून गेले होते. ते गारच पोहे तावड्यांनी दोनदा मागून खाल्ले.

पाण्याबद्दल ते भाषण देत नसत. एकदाच बोलले, तेही मी विचारलं म्हणून. आपण तर भाडं भरतो, मग इतकी काटकसर कशाला, असं मी म्हणालो होतो. त्यांनी समुद्राच्या दिशेला बोट केलं. "मुंबईत पाणी पावसाचं असतं. इथे ते यंत्रातून येतं. समुद्राचं पाणी तापवायचं, वाफ धरायची, थंड करायची. त्याला जाळावं लागतं. इथला नळ गळतो म्हणजे चूल जळते आहे आणि वर पातेलं नाही." एवढं बोलून ते वर्तमानपत्र वाचू लागले.

दुबईतल्या अल क्वोजची हकीकत मला त्यांच्या सहकाऱ्याने सांगितली, त्यांनी नाही. तिथल्या एका लेबर कॅम्पात पाणी फार जायचं. दिवसाला चार टँकर. कॅम्पच्या मॅनेजरने इंग्रजीत पाट्या लावल्या, दंड ठेवला, काही फरक पडेना. तावड्यांना पाठवलं ते गळका पाइप शोधायला. त्यांनी काठी गाडीतच ठेवली आणि सकाळी पाच वाजता पाणी भरायच्या रांगेत जाऊन उभे राहिले. नळांना फिरवायच्या चाव्याच नव्हत्या. माणसं नळ उघडे ठेवतात म्हणून मॅनेजरने त्या काढून घेतल्या होत्या. मग माणसं पकडीने नळ उघडत, आणि पकड एकच, ती रांगेत पुढे गेली की मागचे नळ वाहत राहत. तावड्यांनी छप्पन्न चाव्या बसवून घेतल्या आणि नळांवर लक्ष ठेवायला प्रत्येक खोलीतल्या लोकांना आपला एक माणूस त्यांनीच निवडायला सांगितला. पंधरा दिवसांत टँकर चारचे तीन झाले. मॅनेजरने विचारलं, तुम्ही नेमकं काय केलंत? तावडे म्हणाले, "मी विचारलं."

आता आमच्या बिल्डिंगकडे येतो.

पाण्याची व्यवस्था अशी होती. खाली टाकी, तिथून पंपाने पाणी गच्चीवरच्या काँक्रीटच्या टाकीत, आणि तिथून उतरणाऱ्या पाइपांनी घराघरात. तावड्यांचं म्हणणं, गच्चीवरची टाकी भरायची, पंप बंद करायचा, सगळ्यांचं पाणी अर्धा तास थांबवायचं आणि टाकीतली पातळी मोजायची. पातळी उतरली तर पाणी कुठेतरी जमिनीत जातं आहे. न उतरली तर माणूस नेतो आहे. गच्चीवरचे वॉल्व्ह बंद केले की झालं, असं मी म्हणालो. त्यांनी मला वर नेऊन दाखवलं. बारा वर्षांत वॉल्व्ह कोणी फिरवले नव्हते, क्षारांनी ते जाम झाले होते. जोर लावला आणि एखादा मोडला तर ऑगस्ट महिन्यात बत्तीस घरं कोरडी.

"म्हणजे प्रत्येक घराने आपला नळ बंद ठेवायचा?" मी विचारलं.

"आणि शेवटची दहा मिनिटं एसी," ते म्हणाले. "एसीच्या घरघरीत मला जमिनीतलं ऐकू येत नाही."

ऑगस्टमध्ये, शारजात, भर दुपारी. आणि वार शुक्रवार, सुट्टीचा, प्रत्येक घरात मोठा स्वयंपाक. पण तावडे वेळेवर अडून होते. जुम्म्याच्या नमाजाला दुकानं बंद होतात, रस्त्यावरची वाहतूक थांबते, खोदकामं थांबतात. आठवड्यात ती पाऊण तासाची शांतता एकदाच मिळते. त्यांचं बरंचसं काम ते त्याच वेळात करत. "सगळं गाव देवाचं ऐकतं तेव्हा मी पाण्याचं ऐकतो," असं ते थोडं हसून म्हणत.

एकवीस फ्लॅटमध्ये माणसं होती. मंगळवारी आणि बुधवारी संध्याकाळी तावडे एकवीस दारांवर गेले. मी वही घेऊन बरोबर होतो. आणि त्यांनी गुललाही बरोबर घेतलं. मला ते बरं वाटलं नाही. आरोपीला दारोदार फिरवल्यासारखं ते दिसत होतं. पण तावडे प्रत्येक दारात तेच सांगत. पाणी वाचवा वगैरे काही नाही. साडेबाराच्या आधी एक बादली भरून ठेवा, साडेबारा ते एक नळ बंद, बारा पन्नास ते एक एसी बंद. मग गुलकडे हात करून, "याची नोकरी त्यावर आहे." सुदानी बाईंनी आधी गुलला आत बोलावून सरबत दिलं, मग होकार दिला. तिसऱ्या मजल्यावरच्या मल्याळी नर्स रात्रपाळी करून झोपणाऱ्या. त्या म्हणाल्या, मी झोपते आहे हाच माझा बंद नळ समजा, एसीचं बटण मात्र आता दाखवून जा, मी घड्याळाचा गजर लावते.

नाही म्हणाले ते फक्त आमचे करंदीकर. "मी वर्षाला अठरा हजार भाडं देतो. एका नातूरसाठी माझ्या घरातला नळ मी का बंद करू?" नातूर म्हणजे वॉचमन. गुल समोर उभा असताना ते हे मराठीत बोलले, पण "नातूर" शब्द त्याला कळलाच.

तावडे रागावले नाहीत. "बरोबर आहे तुमचं. तुम्ही नळ चालू ठेवा. फक्त अर्ध्या तासात किती पाणी वापरलंत ते गॅलनमध्ये लिहून द्या, मी एकूणातून वजा करीन." आणि खुणा केलेली एक बादली त्यांच्या दारात ठेवून दिली. खाली उतरताना मी म्हटलं, तो मोजणार नाही. तावडे म्हणाले, "नाहीच मोजणार. मोजण्यापेक्षा बंद करणं सोपं."

शुक्रवार, २२ ऑगस्ट. गुल आणि अबू सालेम दोघेही मशिदीत गेलेले. मी गच्चीवर, हातात पोलादी टेप. साडेबाराला टाकीत पाणी एक्केचाळीस इंच. डोक्यावर ओला पंचा होता तो पाच मिनिटांत वाळला. खाली अंगणात तावडे काठी घेऊन भिंतीलगतच्या पाइपांपाशी उभे.

बारा पन्नासला एसी बंद व्हायला लागले. एकेक घरघर थांबत गेली. त्या बिल्डिंगमध्ये मी नऊ वर्षं राहत होतो आणि तिचा आवाज नसलेला मला पहिल्यांदाच कळला. समोरच्या भिंतीवरच्या कबुतरांच्या पंखांचा आवाज आला. हळूहळू लोक बाल्कन्यांमध्ये आले, बनियन घातलेले पुरुष, ओढणीने वारा घेणाऱ्या बायका, झोपेतून उठलेल्या नर्सबाई. कोणी बोलत नव्हतं. दोनशे चारच्या बाल्कनीत करंदीकर घामाने निथळत उभे होते. त्यांचाही एसी बंद होता. आमच्या मानसीने तेवढ्यात खालच्या आवाजात आईला विचारलं, "मम्मी, व्हाय इज अंकल लिसनिंग टू द फ्लोअर?" आणि चार मजल्यांवरून एकवीस घरांनी तिला "श्श्" केलं.

तावडे पाइपांपासून निघाले. दहा पावलांवर थांबायचे, काठी टेकवायची, डोळे मिटायचे, पुढे जायचं. गाड्या लावायच्या फरशीवरून ते कोपऱ्यातल्या कडुनिंबापाशी गेले. तिथे काठी टेकवली, आणि उचललीच नाही. मी वरून घड्याळ बघत होतो. पूर्ण दोन मिनिटं ते तसेच वाकून उभे होते. मग खिशातली पेन्सिल काढून फरशीवर एक फुली मारली आणि वर बघून हात हलवला.

मी टेप सोडली. पस्तीस इंच. सहा इंच पाणी उतरलं होतं. टाकी आठ फूट बाय सहा फूट. मी तिथेच बसून हिशेब केला. अर्ध्या तासाचे जवळजवळ दीडशे गॅलन, दिवसाचे सात हजार एकशे शहात्तर. बिलावरून काढलेल्या आकड्याशी नऊ गॅलनचा फरक. कंपनीच्या ऑडिटमध्ये आकडे इतके जुळले असते तर मी संशय घेतला असता.

त्या कडुनिंबाची आम्हा मराठी लोकांना मोठी अपूर्वाई होती. पाडव्याला पाल्यासाठी रोल्यातली सगळी घरं त्याच्याकडे येत. उन्हाळ्यात शहरातली झाडं धुळीने राखाडी होत तेव्हाही ते हिरवंगार असे. त्याला पाणी कोण घालतं हा प्रश्न आमच्यापैकी कोणालाच पडला नव्हता. मलाही नाही.

नमाज सुटल्यावर अबू सालेम आले. तावड्यांनी फुली दाखवली आणि म्हणाले, इथे खोदावं लागेल. मालकांनी झाडाकडे पाहिलं. हे झाड त्यांच्या आईने लावलेलं. बिल्डिंगच्या आधी इथे त्यांचं जुनं घर होतं. आई वारून दहा वर्षं झाली होती. मुळं दुखावली तर काय, असं ते दोनदा म्हणाले. तावड्यांनी सांगितलं की फरशी आपण मशीनने फोडायची नाही, हाताने काढायची. आणि स्वतःच छिन्नी घेऊन बसले. गुल दुसऱ्या बाजूने माती उपसू लागला.

दोन फुटांवर ओलं लागलं, अडीच फुटांवर पाइप. म्हातारीला झाडाला पाणी घालता यावं म्हणून बिल्डिंग बांधताना गच्चीवरच्या टाकीतून एक लाइन खाली आणून इथे नळ दिला होता. ती गेल्यावर अंगणात फरशी घातली तेव्हा नळ कापून लोखंडी टोपी बसवली, आणि सगळे विसरले. टोपी गंजून अर्धी उरली होती. पाण्याची धार सरळ मुळांकडे होती.

अबू सालेम वाकून खड्ड्यात बघू लागले. मग म्हणाले, "पानी मेरी अम्मा का झाड पीता था. चोर मैं इसको बोला."

त्यांनी तिथेच खिशातून पगाराचे आठशे दिरहम काढून गुलच्या हातात दिले. हात मातीने भरलेले होते म्हणून गुलने आधी ते कपड्याला पुसले.

तावड्यांना त्यांनी दोन हजार देऊ केले. तावडे म्हणाले, "पैसे नको. पाइप द्या." कारण लाइन बंद केली की झाड मरणार होतं, हे त्यांच्या डोक्यात फुली मारतानाच आलं होतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी आमच्या बेडरूमच्या एसीखाली बादली ठेवून पाहिली. त्या दमट हवेत एसीतून चोवीस तासांत चार गॅलन पाणी ठिबकलं. हे पाणी बत्तीस घरं भिंतीवर आणि खालून जाणाऱ्यांच्या डोक्यावर सांडत होती. पुढच्या दोन शुक्रवारी त्यांनी आणि गुलने मागच्या भिंतीवर पाइप चढवले, प्रत्येक एसीची नळी त्यात सोडली आणि सगळं पाणी झाडाजवळच्या दोन पिंपांत आणलं. सामानाचे चारशे बारा दिरहम झाले. पावती माझ्याकडे अजून आहे. त्या दोन हजारांतल्या उरलेल्या पैशांत गच्चीवरचे नवे वॉल्व्ह आणि घराघरातले वॉशर बसले. हिवाळ्यात एसी बंद असतात, पण हिवाळ्यात झाडालाही कमी लागतं. तेव्हा गुल रोज दोन बादल्या घालायचा. तावड्यांनी त्याला गॅलनच्या खुणा वाचायला शिकवल्या होत्या, म्हणजे वहीत लिहिता यावं. तो पिंपाचं माप रोज लिहायचा. ते त्याचं पहिलं लिहिणं.

त्यानंतर शेजारच्या तीन बिल्डिंगांनी पाइप चढवले. मग नगरपालिकेच्या बागखात्यातला एक तरुण अरब इंजिनिअर येऊन बघून गेला. दोनेक वर्षांनी शहरं आणि पर्यावरण या विषयावर एक परिषद झाली, तिथे त्याने तावड्यांना बोलावलं. मी त्यांच्याबरोबर गेलो. परदेशी सल्लागार, पडद्यावर नकाशे, पुढच्या पंचवीस वर्षांचे आराखडे. ते चांगलंच होतं, मी त्याला नावं ठेवणार नाही. पण शेवटी त्या इंजिनिअरने तावड्यांना उभं केलं आणि तुमची पद्धत सांगा म्हणाला. तावडे इतक्या लोकांसमोर कधी बोलले नव्हते. ते हिंदीत म्हणाले, "पहले पूछता हूँ. फिर सुनता हूँ. खोदता आख़िर में हूँ." आणि बसले. आठ सेकंदांचं भाषण. तो इंजिनिअर ते वहीत उतरवून घेत होता, हे मी पाहिलं. हल्ली शाश्वत विकास हे शब्द कानावर पडले की मला ती तीन वाक्यं आठवतात.

त्यांचा कान गेला ते मला उशिरा कळलं. २००१ सालच्या हिवाळ्यात मंडळातल्या एका लग्नात बँड वाजत होता आणि तावड्यांच्या उजव्या कानात कापूस नव्हता. मी त्यांच्या उजव्या बाजूने हाक मारली. त्यांनी वळून पाहिलं नाही. खोदकामाच्या मशीनपाशी काढलेली एवढी वर्षं नडली होती. वर्षभर कोणाच्या लक्षात आलं नव्हतं, कारण ते आधीपासूनच सगळ्यांना डावीकडे बसवत. कंपनीने गळती शोधायचं काट्याचं यंत्र घेतलं होतं, ते डोळ्यांनी वाचता येई. ते यंत्र चालवून त्यांनी आणखी दोन वर्षं काढली. मला एवढंच म्हणाले, "घरचा शाबूत आहे, सामंतसाहेब. आता घरीच जायचंय."

ते गेले २००३ च्या मे महिन्यात, एका शुक्रवारी सकाळी. विमान शारजाहूनच होतं. दोन बॅगा आणि चादरीत गुंडाळलेली काठी. करंदीकर खाली आले होते, बायकोने दिलेल्या डब्यासकट. गल्ली रिकामी होती. टॅक्सी यायची होती तोवर तावडे कडुनिंबापाशी गेले, चादर सोडली, आणि काठी त्या जुन्या फुलीच्या जागी टेकवली. मग सवयीने उजवा कान वाटीकडे नेला आणि अर्ध्यावर थांबले. डावा लावला नाही. त्यांनी गुलला बोलावलं.

गुलने दाढी बाजूला करून वाटीला कान लावला. तावडे त्याच्याकडे बघत होते.

"क्या सुनता है?"

"कुछ नहीं, तावडे साब."

"ठीक से सुन."

गुलने डोळे मिटले. मागच्या भिंतीवरच्या पाइपातून पिंपात थेंब पडत होते, तेवढाच आवाज.

"कुछ भी नहीं, साब."

"बस," तावडे म्हणाले. "यही सुनना है." आणि काठी त्याच्याच हातात ठेवून टॅक्सीकडे वळले.

टॅक्सी गुलच्या गाववाल्याची होती. विमानतळापर्यंतचे पंचवीस दिरहम ठरले होते. तावड्यांनी पाकीट काढलं, मीही काढलं. गुल लगबगीने पुढे झाला, तावड्यांच्या उजव्या बाजूला जाऊन उभा राहिला, जिथून त्यांना ऐकू येत नव्हतं, आणि ड्रायव्हरला पश्तूमध्ये काहीतरी सांगितलं. ड्रायव्हरने मान हलवली आणि "बाद में, साब" म्हणत आमची पाकिटं परत ठेवायला लावली. तावडे आत बसले, डाव्या खिडकीशी, आणि टॅक्सी कोपऱ्यावरून वळली.

पंचवीस दिरहम, म्हणजे पावणेतेराच्या भावाने तीनशे एकोणीस रुपये. दिले गुल मोहम्मदने, ड्रायव्हरला, आगाऊ.